हसणं, हात जोडणं आणि आमची मुलं

ऑटिझमचा इतिहास एका बापाच्या पत्रापासून सुरू होतो. १९३८ साली अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात, फॉरेस्ट नावाच्या लहानशा गावात राहणारे वकील बीमन ट्रिपलेट यांनी आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी ३३ पानांचं पत्र टाइप करून घेतलं आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातले बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांना पाठवलं. मुलाचं नाव डोनाल्ड. तो वस्तू गरगर फिरवत बसतो, कुणी आलं-गेलं तरी ढुंकून पाहत नाही, गाण्याच्या चाली मात्र अचूक म्हणतो, असं सगळं बारीकसारीक त्या बापानं नोंदवलं होतं. पुढे १९४३ साली कॅनरनी अकरा मुलांवरचा तो प्रसिद्ध लेख लिहिला. त्यातला पहिला मुलगा हा डोनाल्ड, आणि त्याच्याविषयीची कितीतरी माहिती त्या पत्रातूनच आलेली आहे.

त्या लेखातल्या दोन नोंदी मला फार जवळच्या वाटतात. पहिली अशी की, जेमतेम बोलायच्या वयात डोनाल्डला बायबलमधलं तेविसावं स्तोत्र आणि ख्रिस्ती धर्मशिक्षणातली पंचवीस प्रश्नोत्तरं तोंडपाठ होती. आपल्याकडे आजी नातवाला शुभंकरोती आणि रामरक्षा शिकवते, तसंच त्या घरानं त्याला शिकवलं होतं. दुसरी नोंद 'हो' या शब्दाची. वडिलांनी त्याला सांगितलं, 'हो म्हणालास तर तुला खांद्यावर घेईन.' डोनाल्ड 'हो' म्हणायला शिकला. पण त्याच्या लेखी 'हो' म्हणजे 'मला खांद्यावर घ्या' एवढंच. दुसऱ्या कशासाठी तो शब्द वापरता येतो हे त्याला उमगायला कित्येक महिने लागले. हे वाचताना हसू येतं आणि त्याच वेळी पोटात कालवतं. एक बाप मुलाला खांद्यावर घेऊन महिनोन् महिने घरभर हिंडतोय, त्या एका शब्दाचा अर्थ त्याला उमगायची वाट पाहत. तुमच्या हातातल्या या पुस्तकातलं सगळं लेखन त्या नोंदीच्या जातीचं आहे.

हे पुस्तक ऑटिझम असलेल्या मुलांच्या आईबापांनी लिहिलेलं आहे. कुणी बँकेत आहे, कुणी शेती करतं, कुणी नोकरी सोडून घरी बसलेली आई आहे. मुलांची नावं मुद्दाम घातलेली नाहीत. लिहायला बसण्यापूर्वी आम्ही एवढंच ठरवलं होतं की निदान, औषधं आणि उपचारांचा पाढा कुणी वाचायचा नाही. तुम्हाला हसायला काय आलं आणि तुम्ही कशाच्या आधारानं उभे राहिलात, ते लिहायचं. मीही या मंडळींतलीच एक. माझा मुलगा आता चांगला बाप्या माणूस झाला आहे, म्हणून प्रस्तावनेचं काम माझ्याकडे आलं.

ज्यांना या विषयाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. ऑटिझम, म्हणजेच स्वमग्नता, हा आजार नव्हे. मेंदूची घडण मुळातच वेगळी असते. ती बहुतांशी आनुवंशिक कारणांनी तशी होते आणि जन्मभर तशीच राहते. शंभर-सव्वाशे माणसांमागे एक, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. हाक मारली तरी न पाहणं, बोटानं वस्तू न दाखवणं, तेच ते खेळ, तेच ते शब्द, आवाज-उजेड-स्पर्शाचा अतोनात त्रास, अशी लक्षणं दीड-दोन वर्षांच्या वयात दिसू लागतात. पण एक स्वमग्न मूल दुसऱ्यासारखं नसतं. एखादा भराभर पाढे म्हणतो, एखाद्याच्या तोंडून आयुष्यभर एकही शब्द फुटत नाही. या पुस्तकात दोघंही भेटतील.

आणि या मुलांच्या आयांना जे सोसावं लागलं त्याविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. थंड, प्रेमशून्य आईमुळे मूल असं होतं, हे मत कित्येक वर्षं शास्त्र म्हणून मिरवलं गेलं. खुद्द कॅनरच्या लेखातच त्याचं बीज होतं. १९६७ साली ब्रूनो बेटलहाइम यांच्या 'द एम्प्टी फोर्ट्रेस' या पुस्तकानं ते मत घराघरांत पोचवलं. त्याच वर्षी क्लारा क्लेबोर्न पार्क या आईचं 'द सीज' प्रसिद्ध झालं. स्वमग्न लेकीला वाढवण्याची ती हकिगत. तिचं पान न् पान वाचलं की प्रेमशून्य आईचा सिद्धान्त किती पोकळ आहे ते कळतं. मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड रिमलंड यांचा मुलगा स्वमग्न होता. त्यांनी १९६४ सालीच पुराव्यानिशी दाखवलं होतं की कारण शरीरातलं आहे, संगोपनातलं नव्हे. शेवटी १९६९ साली कॅनरनी पालकांच्या सभेत उभं राहून आईबापांना जाहीरपणे निर्दोष ठरवलं. आपल्याकडे हा निकाल अजून पोचलेला नाही. 'आई नोकरी करते ना', 'ग्रहण पाळलं नसेल', 'मोबाइल दिला हातात, दुसरं काय' ही वाक्यं या पुस्तकातल्या प्रत्येकीनं ऐकली आहेत, बहुतेकदा आपल्याच माणसांकडून. अशा घरात हसू कुठून येणार? तरी ते येतं. ते कसं येतं ते मी माझ्या घरातलं सांगते.

आम्ही डोंबिवलीकर. माझा मुलगा बरीच वर्षं रेल्वेच्या भाषेत बोलायचा. फलाटावरच्या उद्घोषणा त्याला जशाच्या तशा पाठ, आधीच्या टिंगटाँगसकट आणि मधल्या खरखरीसकट. ऐकलेलं असं पुन्हा पुन्हा म्हणण्याला इकोलालिया म्हणतात. ती निरर्थक बडबड आहे, ती बंद करा, असाच सल्ला पूर्वी मिळायचा. बॅरी प्रिझंट या वाचातज्ज्ञानं आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं की या उसन्या वाक्यांत मागणी असते, नकार असतो, स्वतःला धीर देणं असतं. आमच्याकडे दुधाचा पेला हातातून निसटून फुटायचा आणि फरशीवर पसरत जाणाऱ्या दुधाकडे पाहत हा अगदी गंभीर आवाजात म्हणायचा, 'होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.' यापेक्षा नेमकी माफी कुणी मागितली असती?

कुठे जायचं नसलं की त्याचं ठरलेलं वाक्य, 'रविवारी मेगाब्लॉक आहे', म्हणजे दुरुस्तीसाठी लोकल बंद. एकदा त्याच्या आत्यानं फोन केला, 'मंगळवारी वास्तुशांत आहे, येशील ना रे राजा?' त्यानं फोन कानाला लावून जरा विचार केला आणि सांगितलं, 'मंगळवारी मेगाब्लॉक आहे.' मेगाब्लॉक मंगळवारी नसतो हे त्याच्याइतकं पक्कं आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ज्या मुलाला थाप मारणं कधी जमणार नाही असं आम्हाला सांगितलं होतं, त्यानं स्वतःची सुटका करून घेण्यासाठी मध्य रेल्वेचं वेळापत्रक बदललं होतं! दुसऱ्याच्या मनात काय चाललंय याचा अंदाज घेतल्याशिवाय थाप मारता येत नाही, हे तेव्हा आम्हाला ठाऊक होतं. त्या दिवशी मी आणि त्याचे बाबा इतके हसलो की डोळ्यांतून पाणी आलं, आणि तो आमच्याकडे पाहून हसायला लागला. आत्याही रागावली नाही. आता तिलाच कुठे जायचा कंटाळा आला की ती म्हणते, 'आज मंगळवारचा मेगाब्लॉक.'

हे हसू मुलावरचं हसू नव्हे, आणि हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो. तो काय म्हणतोय ते कळलं म्हणून आम्ही हसलो. ज्याला कळलेलं नसतं तोही हसतो, पण ते हसू वेगळं. नाटक-सिनेमात तोतऱ्याची, वेंधळ्याची नक्कल करून टाळ्या घेणारं, शाळेच्या गाडीत खोड्या काढणारं. मूल अंगावर ओरबाडे काढून रडत असताना त्याची चित्रफीत काढून लोकांना पाठवणारे आईबापही मी पाहिले आहेत. त्यांचं दुःख मला समजतं, पण तो हक्क आपल्याला नाही. आम्ही या पुस्तकासाठी एक कसोटी लावली. मूल मोठं होऊन हा प्रसंग वाचेल, कुणीतरी त्याला वाचून दाखवेल, तेव्हा तेही हसेल का? ज्या प्रसंगाविषयी शंका आली तो आम्ही काढून टाकला.

आता श्रद्धेविषयी. नामदेवांची गोष्ट मराठी घरात सगळ्यांना माहीत असते. वडिलांनी लहानग्या नामदेवाला सांगितलं, विठोबाला नैवेद्य दाखवून ये. मोठी माणसं ताट ठेवतात, पाणी फिरवतात, डोळे मिटतात आणि ताट उचलून आणतात. नामदेव मात्र ताट ठेवून बसूनच राहिला. देव जेवत का नाही? तो हटून बसला, रडला, आणि शेवटी देव जेवला. घरी कुणाचा विश्वास बसेना. नामदेवांना आजचा कुठला शिक्का लावायचा माझा अजिबात इरादा नाही. पण सांगितलेली गोष्ट शब्दशः खरी मानणारं आणि ती खरी होईपर्यंत न हलणारं मूल आमच्या ओळखीचं आहे. आपल्या भक्तिपरंपरेनं त्या मुलाला वेडं ठरवलं नाही, देवालाच त्याच्यासमोर जेवायला लावलं. मला या परंपरेचा अभिमान आहे.

याच पुस्तकात कोल्हापूरच्या एका आईनं गणपतीतला प्रसंग लिहिला आहे. नैवेद्याचे मोदक तिच्या मोठ्या मुलानं मोजले, आरतीनंतर पुन्हा मोजले, तेवढेच भरले. देव जेवला नाही, मग तोही जेवेना. आजी समजावायला गेली, 'अरे, देव भावाचा भुकेला असतो.' मुलगा ताडकन उठला, धाकट्या भावाचा दंड धरून त्याला ओढत स्वयंपाकघरात घेऊन गेला, दार लावून घेतलं आणि दाराला पाठ लावून उभा राहिला. घरातले सगळे आधी हसले. मग त्या आईच्या लक्षात आलं की धाकटा झाल्यापासून ज्याच्याकडे त्यानं कधी नीट पाहिलंही नव्हतं, त्याला वाचवायला तो देवाच्या आड उभा राहिला होता. ती लिहिते की त्या वर्षी तिनं गणपतीकडे काही मागितलं नाही. हा लेख मी आग्रहानं पहिला ठेवला आहे.

सोलापूरच्या एका वडिलांचा लेख पंढरपूरचा आहे. मुलाला कुणाचा हात लागलेला खपत नाही, आणि विठ्ठलाच्या दर्शनाची रांग म्हणजे अंगाला अंग. कसेबसे आत पोचल्यावर चांदीनं मढवलेल्या गरुडखांबाला मिठी मारायची रीत. मुलानं खांबाला मिठी मारली आणि गाल टेकवून तो तसाच राहिला. रांग तुंबली. मागे उभे असलेले एक म्हातारे वारकरी म्हणाले, 'माउली, होऊ द्या त्याचं.' खांब आपणहून कुणाला धरत नाही. जेवढं घट्ट हवं तेवढंच घट्ट धरता येतं, नको तेव्हा सोडता येतं. स्वमग्न असलेल्या पशुविज्ञानतज्ज्ञ टेंपल ग्रँडिन यांनी तरुणपणी स्वतःसाठी एक यंत्र बनवलं होतं, त्याचं तत्त्व हेच. गुरांना लस टोचताना ज्या सापळ्यात दाबून धरतात तो त्यांनी पाहिला आणि दोन्ही बाजूंनी अंग दाबणारं, पण दाब आपल्या हाती ठेवणारं यंत्र तयार केलं. माणसाची मिठी त्यांना सोसत नसे, यंत्राची सोसत असे. सोलापूरच्या त्या वडिलांना हे काही ठाऊक नव्हतं. ते लिहितात, 'मी नवस बोलायला गेलो होतो. तो बोलायचा राहूनच गेला.'

सगळ्यांची श्रद्धा देवळातली नाही. वसईच्या एका आईचा मुलगा चर्चमधल्या मराठी मिस्सेत प्रवचन लांबलं की खणखणीत आवाजात 'आमेन' म्हणतो, आणि धर्मगुरूंनी ते मनाला लावून घेण्याऐवजी प्रवचन आटोपतं घ्यायला सुरुवात केली. एक आई देव मानतच नाही. अंधश्रद्धेविरुद्ध लढणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांची व्याख्यानं ऐकून ती वाढली. तिची श्रद्धा रोजच्या कामावर आहे, आज जमलं नाही ते उद्या पुन्हा करू यावर. आमच्या गटात तिच्याइतकी चिवट श्रद्धा कुणाची नसेल.

आईबापांच्या हतबलतेवर धंदा करणाऱ्यांशी मात्र आमचं वाकडं आहे. अंगारे-धुपारे, गंडेदोरे, मुलाला चटके देणारे बाबा-बुवा हे एक टोक. मुलाला इजा करणाऱ्या अशा अघोरी प्रकारांविरुद्ध २०१३ पासून महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आहे, तक्रार करता येते. दुसरं टोक पांढऱ्या कोटातलं. लाखो रुपये घेऊन स्टेमसेल टोचणारे, रक्तातलं 'शिसं-पारा' काढून देणारे. ऑटिझमवर स्टेमसेलचा उपचार सिद्ध झालेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार तो मान्यताप्राप्त चाचणीबाहेर देता येत नाही. लसीमुळे ऑटिझम होतो हा १९९८ सालचा दावाही खोटा ठरला, आणि 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकानं तो मांडणारा लेख २०१० साली मागे घेतला. मूल बरं होईल अशी लालूच दाखवणारी कुठलीच गोष्ट, मग ती देवाच्या नावानं येवो की विज्ञानाच्या, मुलाला आहे तसं पाहू देत नाही. ज्या घरात मूल बदलून मिळायची वाट पाहणं थांबतं तिथेच हसू शिरतं आणि तिथेच प्रार्थनेला अर्थ येतो, हे मी इतक्या घरांत पाहिलं आहे की आता मला त्याविषयी शंका राहिलेली नाही.

या पुस्तकात रडण्याची पानंही आहेत, ती वगळायची नव्हती. रात्रीच्या रात्री न झोपणारी मुलं, दार उघडं दिसताच पळत सुटणारी, भिंतीवर डोकं आपटणारी. गणेशोत्सवातल्या ढोल-ताशांनी आणि डीजेनं ज्यांच्या घरी दहा दिवस हाहाकार उडतो ती कुटुंबं. त्या रात्री कुणाला विनोद सुचत नाही, आणि सुचावा अशी अपेक्षाही करू नये.

या सगळ्याच्या मुळाशी एकच प्रश्न आहे, आमच्यानंतर कोण? डोनाल्डची पुढची हकिगत इथे उपयोगी पडते. लहानपणी काही काळ तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजमापांचं वेड होतं, तर त्यांनी त्याला विहीर खणून तिची खोली मोजायला लावली. मक्याच्या ओळी मोजत बसायचा, तर ओळी मोजता मोजता नांगर धरायला शिकवलं. पुढे तो पदवीधर झाला, गावातल्या बँकेत काम करू लागला, गोल्फ खेळला, एकट्यानं देशोदेशी हिंडला आणि २०२३ साली, ८९ व्या वर्षी, आपल्याच गावात वारला. घरी पैसा होता हे खरं. पण त्याला सांभाळलं ते गावानं. लोकांना त्याच्या लकबी माहीत होत्या आणि त्या त्यांनी चालवून घेतल्या.

आपल्याकडे कागदावर तरी बरंच काही आहे. १९९५ च्या अपंगत्व कायद्यात ऑटिझमचा उल्लेखसुद्धा नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानं तो आणला. त्यातून अठरा वर्षांवरील व्यक्तीसाठी जिल्हास्तरीय समितीकडून कायदेशीर पालक नेमून घेता येतो, 'निरामय' योजनेत लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमा मिळतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम स्पष्टपणे आहे, आणि किमान चाळीस टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या मुलाला सहा ते अठरा वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. पालकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, प्रमाणपत्र काढा, लाजू नका. पालकत्वाचा अर्ज तुमचे हातपाय चालताहेत तोवर करा.

आणि ज्यांच्या घरी असं मूल नाही त्या वाचकांना एक विनंती. लोकलमध्ये, देवळाच्या रांगेत, लग्नाच्या पंगतीत एखादं मूल कानावर हात ठेवून ओरडताना दिसलं तर आईला सल्ला देऊ नका आणि मान वळवून पाहत राहू नका. जागा द्या, रांगेत पुढे जाऊ द्या, आवाज कमी करणं तुमच्या हातात असेल तर करा. मूल शांत असेल तर त्याच्याशी बोला. ते उत्तर देणार नाही असं वाटलं तरी त्याच्याशीच बोला, त्याच्या आईमार्फत नको.